मदत हवी आहे : शेजारच्या पदातला अंक टाळणाऱ्या क्रमिकेत एखादी संख्या कायमची राहून जाते का?

आठवी-नववीच्या काही मुलांना दर शनिवारी गणितातलं काहीतरी करायला देतो. देवळालीचे गणिती कापरेकर यांचा ६१७४ (सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणारी संख्या) करून झाला, तेव्हा मुलं म्हणाली अजून एक सांगा. मग हा खेळ दिला :

संख्यांची रांग, म्हणजे क्रमिका, करायची; तिच्यातली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद. सुरुवात १ पासून. पुढचं पद म्हणजे अजून न आलेली सर्वांत लहान नैसर्गिक संख्या, पण आधीच्या पदातला एकही अंक तिच्यात असता कामा नये.

फळ्यावर असं आलं : १, २, ३ … ९, १०, २२, ११, २०, १३, २४, १५, २३, १४, २५, १६, २७, १८, २६, १७, २८, १९, ३०, १२, ३३, २१, ३४, २९, ३१ …

यात १२ कडे बघा. १० नंतर त्याची पाळी यायची, पण दोघांतही १ आहे. तिथून पुढे दर खेपेला आधीच्या पदात १ नाहीतर २ निघतोच आणि १२ मागे पडतं. शेवटी ३० आलं आणि अठ्ठाविसाव्या जागी १२ बसलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, एखादी संख्या कधीच आली नाही तर?"

मला इतकंच जमलं : १२३४५६७८९ येणं शक्य नाही, कारण तिच्या आधीच्या पदात फक्त शून्यंच चालतील. १ ते ९ हे सगळे अंक असलेल्या कुठल्याही संख्येचं तेच. क्रमिका अडतही नाही. समजा, आधीच्या पदात ७ असेल तर या पदात तो नसतो, म्हणजे पुढे ७, ७७, ७७७ … यांपैकी न वापरलेली एखादी नेहमीच घेता येते.

पण बाकीच्या सगळ्या संख्या येतातच, हे सिद्ध कसं करायचं? संगणकावर बरीच पदं काढून पाहिली, पण ती सिद्धता नव्हे. जाणकारांनी मदत करावी. त्या मुलीला खरं उत्तर द्यायचं आहे.

प्रतिसाद १

सर, आधी एकच अंक पुन्हा पुन्हा येणाऱ्या संख्या घ्या. समजा, ५५५ कधीच येत नाही. तिच्यापेक्षा लहान ज्या यायच्या त्या येऊन गेल्या, की तिथून पुढच्या प्रत्येक पदात ५ असायलाच हवा. नसेल तर लगेच ५५५ चा नंबर लागेल. पण मग शेजारशेजारच्या दोन पदांत ५ आला, म्हणजे नियमच मोडला. तेव्हा ५५५ येतेच, आणि अशा सगळ्याच संख्या येतात.

आता जिच्यात ५ नाही अशी कुठलीही संख्या घ्या. तिच्याहून लहान यायच्या त्या संपल्या, की त्यानंतरची एखादी ५५…५ शोधा. अशा अनंत आहेत. आपली संख्या तोवर आली नसेल, तर त्या ५५…५ च्या पुढची जागा तिचीच. ५ ऐवजी १ ते ९ मधला कुठलाही अंक चालेल.

धागाकर्ता

मनापासून आभार! वहीत पुन्हा मांडून पाहिलं, पटलं. म्हणजे १०२३४५६७८ सुद्धा येणार, आणि तिच्या दोन्ही बाजूंना नुसते ९ असलेल्याच संख्या असणार. शनिवारी त्या मुलीला फळ्याशी बोलावून तिच्याकडूनच हे काढून घेतो.