दोन मेलेल्या फियाट जोडून एक ‘क्लासिक’? याला कसाईकाम म्हणतात!

दहाबाराचा_पाना:
काल एकाने फोटो टाकले. ७४ची पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, पुढून ठोकलेली. सोबत त्याच मॉडेलची एक काळी-पिवळी टॅक्सी, मागून चेपलेली. टॅक्सीचं तोंड, पद्मिनीची पाठ, पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबापाशी कापून जोड. वर रुंद टायर आणि मथळा, ‘वारसा वाचवला’. खाली टाळ्याच टाळ्या.

अहो, फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. पत्र्याचं शेल हीच चासी. फ्लोअर, खांब, दाराखालचा पत्रा, सगळा भार यांच्यावर. नेमका तिथेच ग्राइंडर फिरवला! लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की फोटोत छानच दिसणार. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठी उलथापालथ नसेल तरच. तीही संधी घालवली.

टॅक्सीवाल्याचा_पोरगा:
दमानं घ्या मालक. दोन्ही गाड्या किलोवर जाणार होत्या. आणि मुंबईत कुठली फियाट ओरिजिनल राहिली होती? माझ्या वडिलांची टॅक्सी आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर. दार एकीचं, बोनेट दुसरीचं. कुर्ल्यात सीएसटी रोडला मिळेल तो माल बसवायचा आणि संध्याकाळी धंद्याला. ऑक्टोबर २०२३ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा रडके स्टेटस टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी एक तरी गाडी भंगारवाल्याकडून सोडवली?

दहाबाराचा_पाना:
बोल्ट खोलून दार बदलणं आणि गाडी मधून कापणं एकच का? जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेत आरसीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत. वडिलांचं नाव पुढे करून वेल्डिंग मजबूत होत नाही.

टॅक्सीवाल्याचा_पोरगा:
वडिलांवर जाऊ नका. सांगून ठेवतो.

वैतागलेला_सेक्रेटरी:
तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, ती दुसरी गाडी ठेवायची कुठे? आमच्या परळच्या सोसायटीत एका हौशी सभासदाने ‘पार्टसाठी’ आणलेली फियाट विटांवर उभी आहे. पावसाळ्यात डिकीत पाणी, पाण्यात अळ्या, आणि नोटीस कुणाला? सोसायटीला! विचारलं तर म्हणे, ‘प्रोजेक्ट आहे’.

गिरगावकरीण:
आमच्या सेक्रेटरींच्या दोन एसयूव्ही पाहुण्यांच्या जागेत असतात, त्याला काय म्हणायचं? चाळीच्या अंगणात बाबांची डुक्कर फियाट, ती जुनी गोलसर, असायची. अर्ध्या चाळीच्या नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या. पुनर्विकास झाला, एकीवर एक गाडी चढवायचं स्टॅक पार्किंग आलं, आणि बाबांना सांगितलं, जुनी गाडी वर नको, तेल गळतं.

वैतागलेला_सेक्रेटरी:
गळतंच! खालच्याच्या बोनेटवर!

गिरगावकरीण:
खाली ट्रे ठेवायचा. दोन पत्र्याचे ट्रे, विषय संपला. पण नाही, मीटिंग घ्यायची, ठराव करायचा, म्हाताऱ्या माणसाला गाडी विकायला लावायची.

वैतागलेला_सेक्रेटरी:
ताई, तो मी नव्हे. मी परळचा.

गिरगावकरीण:
सगळे सारखेच.

टॅक्सीवाल्याचा_पोरगा:
मावशी एकदम बरोबर बोलल्या! मुंबईत गाडी गंजाने कमी आणि कमिटीने जास्त मरते.

दहाबाराचा_पाना:
पार्किंगवर वेगळा धागा काढा. मी म्हणतो, शेल एकच ठेवा, सरळ असेल ते. दुसरीचं इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा, काय हवं ते काढा. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करा. याला माझा विरोध नाही.

टॅक्सीवाल्याचा_पोरगा:
वा, साहेबांची परवानगी मिळाली! कापाकापी मीही केली नसती, पण ती गाडी बघितल्याशिवाय नावं ठेवणार नाही. त्याचं गॅरेज कुर्ल्यातच आहे, जिथे या गाड्या बनायच्या. रविवारी चला.

दहाबाराचा_पाना:
येतो. लोहचुंबक आणतो. जिथे चिकटणार नाही, तिथे लांबीचा थर. खांबापासून सुरुवात करू, चहा तुमच्याकडून.