प्रतिसाद: ‘कुठल्याही कंपनीचा मीटर चालेल’ याबद्दल

आयएस १६४४४ (स्मार्ट वीज मीटरचं भारतीय मानक) चा शिक्का आणि ८६५ मेगाहर्ट्झचा रेडिओ असला की इंदुरात कुठल्याही कंपनीचा मीटर दुसऱ्या कंपनीच्या रेडिओ-जाळ्यात (नेटवर्कमध्ये) बसेल, हे वरचं म्हणणं अर्धंच खरं आहे. डीएलएमएसमुळे (मीटरची माहिती देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत) रीडिंगची भाषा एक होते, पण रेडिओची निवड आयएस १६४४४ मोकळीच सोडतं. ८६५ ते ८६८ हा बिनपरवाना पट्टा एकच असला तरी मॉड्युलेशन (लहरींवर माहिती चढवण्याची पद्धत), चॅनेल बदलण्याचा क्रम आणि राउटिंग (माहिती कोणत्या वाटेने पुढे जाईल ते) ज्या त्या कंपनीचं. हेच जुळवायला उत्पादकांनी वाय-सन अलायन्स ही संघटना काढली; ती सामाईक नियम ठरवते आणि उपकरणं प्रमाणित करते.

तरी वाय-सन प्रमाणित मीटरसुद्धा अडतो. कुठे अडला ते जोडणीच्या पाच टप्प्यांवरून कळतं. पहिल्यातच, म्हणजे जाळं शोधतानाच, थांबला तर नेटवर्कचं नाव, फाय मोड (रेडिओचा वेग आणि मॉड्युलेशन ठरवणारी सेटिंग) आणि चॅनेल मास्क (कोणते चॅनेल वापरायचे, कोणते वगळायचे ते) बॉर्डर राउटरशी (जाळ्याला वीज कंपनीच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या उपकरणाशी) ताडून पाहा. राजवाडा-सराफ्याकडच्या जुन्या वाड्यात जिन्याखाली लोखंडी पेटीत मीटर असेल तर आधी अँटेना पेटीबाहेर घ्या, सेटिंगचं नंतर बघू. दुसऱ्यावर, म्हणजे ओळख पटवताना, थांबला तर रेडिओला हातच लावू नका; बहुधा मीटरच्या सर्टिफिकेटचं रूट (ते देणाऱ्याचं मूळ सर्टिफिकेट) ऑथेंटिकेशन सर्व्हरच्या, म्हणजे ओळख तपासणाऱ्या सर्व्हरच्या, यादीत नसतं. नवा पुरवठादार आला की घोडं इथेच अडतं, आणि जुना पुरवठादार ते रूट चढवायला घाई करत नाही (का करील?). म्हणून निविदेत नुसतं ‘वाय-सन प्रमाणित’ लिहून भागत नाही. फॅन (वाय-सनचे जाळ्यासाठीचे नियम) १.० की १.१ आवृत्ती, कोणता फाय मोड, आणि रूट सर्टिफिकेटांची यादी वीज कंपनीच्याच ताब्यात राहील, हे तिन्ही लिहून घ्यावं.