वर्तुळ काढून अंतर कळत नाही

नवं आरोग्य केंद्र कुठे हवं हे ठरवायला एक सूचना अशी येते की क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती 5 किमीचं वर्तुळ काढा, जी गावं बाहेर राहतील तिथे नवं केंद्र द्या. सपाट मुलखात हे बऱ्यापैकी चालेल. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठची गावं घ्या. तापोळा-बामणोली भागात समोरच्या काठावरचं घर डोळ्यांना दिसतं, नकाशावरही बोटभर अंतर. प्रत्यक्षात लाँचसाठी धक्क्यावर थांबायचं, नाहीतर पाण्याला वळसा घालून घाटरस्त्याने जायचं. वर्तुळ मात्र दोन्ही काठ एकाच केंद्राच्या पदरात टाकून मोकळं होतं.

म्हणून रस्त्यांचं जाळं घ्या आणि अंतराऐवजी प्रवासाचा वेळ मोजा. पावसाळ्याचा हिशेब वेगळा करा, फरशीपूल पाण्याखाली जातात तेव्हा नकाशाच बदलतो.

दुसरं, सॉफ्टवेअरला नेमकं काय विचारताय? एकूण प्रवास कमीत कमी करा म्हटलं (‘पी-मीडियन’ पद्धत, पी म्हणजे केंद्रांची संख्या; संशोधक हकिमी, 1964-65) तर केंद्रं मोठ्या गावांकडे ओढली जातात आणि चार घरांची वाडी मागे पडते. जास्तीत जास्त लोक ठराविक वेळेच्या आत आणा म्हटलं (संशोधक चर्च आणि रेव्हेल यांची पद्धत, 1974) तरी लांबची वाडी सुटू शकते. सर्वात दूरच्या माणसाचा वेळ कमी करायचा, तर ‘पी-सेंटर’ ही तिसरी पद्धत लावावी लागते. मैदानात 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष माणसं मोजतो, वाट मोजत नाही. बाळंतवेणा सुरू झालेल्या बाईसाठी ती वाटच महत्त्वाची. मी पी-सेंटरच आधी चालवून बघेन.