औंढ्याला लायगो येतंय, पण आपली पोरं त्यात कुठं असणार?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)
परवा औंढ्या नागनाथला दर्शनाला गेलतो. मेव्हण्यानं दुधाळ्याकडच्या माळाला हात केला, "तिथं लायगो." म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. 4-4 किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, 2,600 कोटींचा खर्च. 2016 ला तत्त्वतः होकार, अंतिम मंजुरी 2023 ला. लेझर, आरसे, कंपनं रोखणारी यंत्रणा अमेरिका देणार. जागा, इमारती, नळ्या आपल्या. वाचून छाती फुगायला पाहिजे, माझी फुगेना.

मी याच जिल्ह्यात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. लायगोचं मूळ तत्त्व म्हणजे मायकेलसनचा इंटरफेरोमीटर. प्रकाशाचे दोन भाग करायचे, दोन वाटांनी पाठवायचे, परत आणून भिडवायचे. तो आमच्या प्रयोगशाळेतही आहे, पण त्याचा एक आरसा सहा वर्षांपासून फुटलेला आहे. पोरं मागच्या बॅचचं रीडिंग जर्नलमध्ये उतरवतात आणि मी सही करतो. लाजूनच करतो.

म्हणून म्हणतो, आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे जमीन आपली, नमुने आपले, पहारेकरी आपले आणि पेपरवर पहिलं नाव त्यांचं. याला क्षमता वाढवणं म्हणायचं का?

टहाळ
सपशेल असहमत. सर, तुम्ही भाकरी खाता ना? 1964 ला आलेली सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी. तिचा नरवंध्य, म्हणजे स्वतःचे पराग न देणारा, मादी वाण अमेरिकेतला. त्या कामात रॉकफेलर फाउंडेशन ही अमेरिकी देणगी संस्था होती, पण संकर इथल्या माणसांनी केला आणि पुढचे संकरही इथंच झाले. अलीकडचं बघा. परभणी शक्ती 2018 ला आली, लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट आहे, कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, 1972 पासून. त्यांनी आणि आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं मिळून काढली. नावातच परभणी आहे, अजून काय पाहिजे?

पूर्णाकाठ
हायब्रीडची भाकरी आमच्या आजीनं कधी मनापासून खाल्ली नाही. पावसात सापडली की कणीस काळं पडायचं. रब्बीला लोक अजूनही मालदांडी पेरतात, ती मोहोळला निवडलेली, देशी वाणातून. त्याला कुणाचं फाउंडेशन लागलं नव्हतं.

टहाळ
मालदांडी मला पण आवडते. पण 72 च्या दुष्काळात तुमच्या आजीनं काय खाल्लं? अमेरिकेची लाल मिलो आणि रोजगार हमीवरची सुकडी. धान्य मागून खाणं आणि वाण मागून संकर करणं, यातला फरकच मी सांगायलोय.

हुरडा_पार्टी
नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं म्हणतात. आता 4 किलोमीटरची नळी कुणासाठी फिरणार ते बघू. (चालू द्या, मी वाचायलोय.)

बालाघाट
धागाकर्त्यांचं दुखणं खरं आहे, निदान चुकलंय. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम 1951 ला केंब्रिजहून लाहोरला परतले. तिथं बोलायला त्यांच्या विषयातलं माणूस नाही, नवी नियतकालिकं वेळेवर नाहीत. 1954 ला त्यांना परत जावं लागलं. त्यातून त्यांनी 1964 ला इटलीत त्रिएस्तला केंद्र काढलं. गरीब देशातल्या शास्त्रज्ञानं तिथं काही आठवडे, काही महिने यायचं, जगाशी बोलायचं आणि आपल्याच गावी परत जायचं. नोकरी सोडायची नाही, देश सोडायचा नाही. सहकार्य असं असतं. नमुने उचलून नेणारे वेगळे, त्यांच्यामुळं सगळ्यालाच नाव ठेवू नका.

आणि लायगोत आपण उपकार घेत नाही. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपासून लांब, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला एक असली की लहर आकाशात कुठून आली ते जास्त नेमकं कळतं. गरज त्यांनाही आहे. अशा वेळी अटी घालता आल्या पाहिजेत: इतक्या स्थानिक जागा, इतक्या शिष्यवृत्त्या. आपण मागितल्या का, हा प्रश्न दिल्ली-मुंबईला विचारा, अमेरिकेला नको.

सातवं_वर्ष
संभाजीनगरहून. पीएचडी, सातवं वर्ष, नावावरून कळलंच असेल. दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. एका परदेशी प्रकल्पासाठी मी दोन उन्हाळे बीड जिल्ह्यात विहिरींचं पाणी गोळा केलं. बाटल्या गेल्या, पेपर आला, माझं नाव आभारात. आकडे मागितले तर उत्तर नाही.

आता आमचं पण सांगते. त्याच पाहुण्यांनी जाताना एक चांगलं यंत्र ठेवलं होतं. वर्षभर चाललं. मग एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे कुठल्या हेडखाली टाकायचे यावर फाइल फिरली ती फिरलीच. यंत्रावर पांघरूण आहे, दसऱ्याला हार घालतो. नारळ मात्र दरवर्षी वेळेवर येतो.

टहाळ
मी तेच म्हणायलोय! दोष हेडखालचा आहे, सहकार्याचा नाही.

सातवं_वर्ष
नाही दादा, अर्धंच तेच. यंत्र दिलं, ते दुरुस्त करणारा माणूस तयार करायचा खर्च करारात कुणीच धरला नव्हता. ना त्यांनी, ना आमच्यांनी. यंत्राचा फोटो अहवालात छापता येतो, मेकॅनिकचा कोण छापतो? आणि बाटल्या आम्ही विनाकरार दिल्या. नमुन्यांवर, आकड्यांवर हक्क कुणाचा हे आधी लिहून घ्या, मग बाटलीला हात लावा.

लातूरकर_93
किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीनं भूकंपमापन केंद्रं सुधारली. 30 सप्टेंबरची ती पहाट आम्ही पाहिलेली आहे, त्यामुळं बाहेरची मदत नको असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पूर्णाकाठ
नको असं मीही म्हणत नाही. सलामांचं पटलं. मेकॅनिकचं त्याहून जास्त पटलं, कारण लायगोच्या नळ्यांची गळती शोधायला, पंप बघायला माणसं लागतीलच. ती हिंगोलीच्या आयटीआयमधून घ्यायची तर शिकवायला आजच सुरुवात पाहिजे. पण ज्वारीवर मी ठाम आहे.

खटपट्या
सगळं वाचलं. सर, आरसा फुटलाय म्हणजे नेमका कुठला? साधा चालणार नाही, पुढून लेप दिलेला लागतो, नाहीतर प्रतिबिंब दुहेरी येतं. भंगारातल्या जुन्या स्कॅनरमध्ये तसल्या आरशाच्या पट्ट्या निघतात. सोडियम दिव्याऐवजी लेझर पॉइंटर लावा, वाकड्यातिकड्या का होईना, पोरांना उजेड-अंधाराच्या पट्ट्या दिसतील. रीडिंग काटेकोर येणार नाही, हे आधीच सांगतो. मी वसमतला असतो, रविवारी येऊन बसवून देतो.

पूर्णाकाठ
हलणारा आरसा फुटलाय. बंद स्कॅनर आमच्याच ऑफिसात आहे, पण तो डेडस्टॉक रजिस्टरला चढलाय. निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून नोंद कमी, झाल्याशिवाय त्याचा स्क्रू काढता येत नाही. प्रस्ताव पाठवून तीन वर्षं झाली.

खटपट्या
मग माझाच आणतो. रविवारी कॉलेजची किल्ली कुणाकडं असते?