गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, करंट कुठे जातोय? मदत हवी आहे

नमस्कार. चिपळूणहून लिहिते आहे. आमची २०१३ची पेट्रोल गाडी आहे, बॅटरी १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-अवर. मेपर्यंत नवरा रोज गाडीने लोट्याला कामावर जायचा. आता कंपनीची बस येते, त्यामुळे गाडी दारात उभी असते. आठवड्यातून एकदा सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असतं आणि नेमकी त्याच सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. मागच्या खेपेला ते आत बसलेले, वर पाऊस, आणि शेजारच्या दोन मुलांनी गाडी ढकलून चालू करून दिली. पुन्हा तशी वेळ त्यांच्यावर आणायची नाही.

जूनमध्ये गॅरेजवाल्याने "बॅटरी गेली" म्हणून नवी बसवली. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. आता म्हणतात अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी भरणारा भाग) बदला. तो खर्च करण्याआधी बिघाड खरंच तिथे आहे का, ते मला समजून घ्यायचं आहे. घरात साधा मल्टिमीटर आहे. मोजलं ते असं:

गाडी चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट. बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर १२.५. दोन दिवसांनी १२.२. चौथ्या सकाळी ११.८, आणि गाडी चालू होत नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं होतं, ते खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलं. फरक नाही.

पुढे काय तपासू?

प्रतिसाद १

ताई, चालू गाडीत १४.२ म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करतोय. (१३.८ ते १४.५ च्या आसपास हवं.) तेव्हा आत्ताच बदलू नका. तुमचे आकडे सांगतात की गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. किती खातंय ते मोजा.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, चुकून दुसऱ्यात राहिली तर मीटरचा फ्यूज उडेल. सगळे दिवे, पंखा बंद, चावी बाहेर. बॉनेट उघडं, ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून त्या वायर आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर लावा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, चावीही फिरवायची नाही. अर्धा तास थांबा. आतली कंट्रोल युनिटं झोपायला वेळ घेतात, सुरुवातीचा आकडा मोठाच दिसेल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या (०.०५ अँपिअर) आत यायला हवं.

जास्त आलं तर फ्यूजबॉक्समधला एकेक फ्यूज काढून बघा. आकडा ज्यावर धपकन उतरेल, चोर त्या लाइनवर.

प्रतिसाद २

पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येऊन बसतात. वायरिंग कुरतडलंय का, तेही टॉर्च घेऊन बघून घ्या. आमच्याकडे इंजेक्टरच्या वायरी खाल्ल्या होत्या. पण त्यात गाडी मिसफायर करायची, बॅटरी उतरत नव्हती.

मूळ लेखिका

उंदराच्या खुणा नाहीत. अर्ध्या तासानंतर आकडा ०.३८ अँपिअरवर स्थिर. गणित केलं : ०.३८ × २४ म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवरच्या वर. ३५ची बॅटरी तीन दिवसांत जवळपास रिकामी. अगदी तसंच होतंय! रोज गाडी चालायची तेव्हा वाटेत भरून निघत असणार, म्हणून कळलं नाही.

फ्यूज काढत गेले. १५ अँपिअरचा एक काढल्यावर ०.३८ वरून थेट ०.०३. झाकणावरच्या चित्रात त्यावर रेडिओ, आतला दिवा आणि डिकीचा दिवा असं आहे. आता तिघांतलं कोण?

प्रतिसाद १

शाबास. अल्टरनेटर संशयातून सुटला : त्याची जाड वायर या फ्यूजमधून जातच नाही. त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असता तर हा फ्यूज काढूनही आकडा उतरला नसता.

डिकीचा दिवा साधारण ५ वॅटचा असतो, १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर. तुमच्या आकड्याच्या फार जवळ. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवा आणि डिकी लावा. दिवा विझतो का कळेल. तो निर्दोष असला, तर स्टिरिओ बाहेरून बसवलेला आहे का?

मूळ लेखिका

डिकीचा दिवा विझतो, आतलाही. स्टिरिओ मागच्या दिवाळीत बाजारातून बसवला, मोठ्या पडद्याचा. तो चावीने बंद होत नाही. उतरताना आम्ही बटण दाबून पडदा काळा करतो. मला वाटायचं तो तसाच असतो.

प्रतिसाद ३

ताई, इथेच आहे. मी वायरिंगचंच काम करतो. स्टिरिओला पिवळी वायर कायम करंटची, घड्याळ आणि मेमरीसाठी. लाल वायर चावीच्या ॲक्सेसरीची. लाल जोडायला जागा सापडली नाही की काही जण ती पिवळीलाच पिळून टेप मारतात. मग पडदा काळा दिसला तरी आतला बोर्ड रात्रभर जागा.

आधी निगेटिव्ह काढा, मगच स्टिरिओ बाहेर ओढा. स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावू नका.

मूळ लेखिका

दादा, लाल आणि पिवळी एकत्रच होत्या, काळ्या टेपखाली. लाल सोडवून वेगळी बांधली, निगेटिव्ह परत मीटरमधून लावला : अर्ध्या तासाने ०.०२. मीटरकडे बघून डोळे भरून आले, खरंच. आता स्टिरिओ चालत नाही, ते चालेल. पण लाल कुठे जोडायची? लायटरच्या फ्यूजवर चालेल का?

प्रतिसाद ३

आधी मोजा. काही गाड्यांत लायटरला चावी काढल्यावरही १२ व्होल्ट असतात. चावी फिरवल्यावर १२ आणि काढल्यावर शून्य, असा फ्यूज निवडा. त्यात फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा कनेक्टर) घालून लालसाठी ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज द्या. नुसती वायर फ्यूजच्या पायात खुपसू नका.

आणि नवी बॅटरी दोन-तीनदा पूर्ण उतरली आहे, तिला ते मानवत नाही. चार्जरवर रात्रभर पूर्ण भरा आणि दुकानात लोड टेस्ट (ताण देऊन बॅटरीची तपासणी) करून घ्या. वॉरंटी कार्ड सोबत न्या.

मूळ लेखिका

लायटरच्या फ्यूजवर चावी काढल्यावर शून्यच आलं. टॅप मागवला आहे. गाडी शुक्रवारपासून हललेली नाही, आज चौथी सकाळ : १२.६. उद्या सासऱ्यांना न्यायचं आहे.