मदत हवी आहे: पणजोबांच्या बारा बोअरसाठी गोल गोळीची काडतुसं घरी भरता येतात का?

काटोलवाला
नमस्कार मंडळी, राहतो नागपुरात, मूळ गाव काटोलकडचं. पणजोबा मालगुजार होते, त्यांची एक बारा बोअर दुनळी घरात चालत आलेली आहे, परवाना बाबांच्या नावावर होता, ते गेले तेव्हा बंदूक लगेच डीलरकडे जमा केली, पावती आहे, आता वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हावा असा अर्ज टाकायचा आहे. तर झालं असं की गावच्या वाड्यात कोठीमागे एक पत्र्याचा डबा सापडला, त्यात जुनी काडतुसं, कागदी नळकांडीची, पितळी बुडाला हिरवं चढलेलं, काहींवर एलजी (मोठ्या छर्ऱ्याचं माप) वाचता येते अन् बाकीच्यांवरची अक्षरं उडाली. एक मित्र म्हणते छर्रे काढून टाक, शिशाची एक गोल गोळी बसव, बारूद आहे तेच राहू दे, झालं काम. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक तर गॅरेजमध्ये बसून आरामात भरून राहिले, ती दाबायची प्रेस पण ऑनलाइन दिसते.

रानडुक्कर वगैरे काही मारायचं नाही, परवाना आला की रेंजवर दोनचार बार काढायची हौस आहे फक्त. हे सेफ आहे का, अन् गोळी किती मापाची लागते? अजून एक, बंदुकीचे फोटो काढून ठेवले होते ते झूम करून पाहिले तं नळीच्या खालच्या बाजूला बारीक इंग्रजीत ‘नॉट फॉर बॉल’ असं ठोकलेलं दिसते, आणि नळीभर नागमोडी रेघा आहेत. हे काय आहे, कोणी सांगा न.

बारुदखाना
भाऊ, उत्तर तुमच्या फोटोतच आहे. ‘नॉट फॉर बॉल’ हा इंग्लंडच्या प्रूफ हाउसचा (बंदुकांच्या नळ्या तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का, 1875 ते 1887 या काळात चोक असलेल्या, म्हणजे टोकाशी आवळलेल्या नळ्यांवर मारायचे, म्हणजे या नळीतून एकसंध गोळी मारायची नाही. कारण सोपं आहे. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी होईल तेवढं नळीचं तोंड, साधारण 18.5 मिमी, वजन 38 ग्रॅमच्या आसपास. पण फुल चोकमध्ये नळी टोकाशी जवळजवळ 1 मिमीने आवळलेली असते. छर्रे एकमेकांवर सरकून तिथून निघून जातात, अख्खी गोळी कुठे सरकणार? अडली तर नळीचं टोक फुगतं नाहीतर फाटतं, आणि दुनळीत डावी-उजवी नळी वेगवेगळ्या चोकची असू शकते, ते फोटोवरून कळत नाही.

नागमोडी रेघा म्हणजे बहुतेक डमास्कस नळी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या. दिसायला फार देखणी, पण त्या काळात बंदुका काळ्या बारुदासाठीच बनायच्या, आणि आतून जोडावर गंज धरला असेल तर वरून दिसत नाही. त्यातून त्या काळचे चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, बहुतेक 65 मिमीचे. आजचं 70 मिमीचं काडतूस आत बसतं, झाकण लागतं, माणसाला वाटतं ठीक आहे, पण उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि प्रेशर वाढतं.

तुमच्या मित्राचं म्हणणं तर सोडूनच द्या. काडतुसातलं बारूद, डट्टा (बारूद आणि छर्ऱ्यांमधली गादी), टोपी (बुडातली ठिणगी देणारी) आणि वरचं वजन हे सगळं एकमेकांवर ठरलेलं असतं, त्यातलं एक बदललं की प्रेशर बदलतं, आणि बिनधुराचं बारूद अशा बदलाला काळ्या बारुदापेक्षा कितीतरी जास्त चिडतं. वरून तुमच्या डब्यातलं बारूद कोणतं, किती, त्याला ओल किती लागली हे कोणालाच सांगता येणार नाही. अमेरिकेतले लोक भरतात ते छापील तक्ता समोर ठेवून, त्यातलीच टोपी, तेच बारूद, तोच डट्टा घेऊन. जुनं काडतूस फोडून नाही. त्यामुळे गोळीचं माप मी मुद्दाम देत नाही, या नळीसाठी बरोबर माप असं काही नाहीच.

सिव्हिल लाइन्स
तांत्रिक बाजू वर आलीच आहे, कायद्याचं मी सांगतो. शस्त्र कायदा 1959, कलम 5, काडतूस बनवायला वेगळं लायसन्स लागतं, बंदूक बाळगायच्या परवान्यात ते येत नाही. आणि कलम 2 मधली ‘अ‍ॅम्युनिशन’ची व्याख्या वाचा, त्यात काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची मशिनरीसुद्धा आहे, म्हणजे ती ऑनलाइनवाली प्रेस मागवली तरी तुम्ही अडकलात, एकही काडतूस न भरता.

त्याहून अर्जंट म्हणजे तो डबा. परवाना बाबांचा होता, तुमचा अजून नाही, सबब ती काडतुसं आज तुमच्याकडे आहेत हेच बेकायदा. कलम 21 प्रमाणे बंदुकीसारखीच तीही विनाविलंब ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायची असतात. पण गाडीच्या डिकीत टाकून नागपूरला आणू नका, गावच्या ठाण्याला आधी कळवा. विहिरीत टाकणं, पुरणं, चुलीत घालणं असले गावठी उपाय तर अजिबातच नको.

परवान्याचं: शहरात राहता तर पोलीस आयुक्तांकडे अर्ज, ग्रामीणला असता तर कलेक्टर. बाकी वारसांची ना-हरकत लागेल, आणि बंदूक चालवायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. एवढी जुनी आहे म्हणून परवाना नको असं डीलर म्हणाला तर ऐकू नका, बार काढायचे तर परवाना लागतोच.

काटोलवाला
बापरे, बरं झालं विचारलं. ठाण्यात फोन केला, ते म्हणाले डब्याला हात लावू नका, माणूस पाठवतो. खोलीला कुलूप लावून किल्ली काकूकडे देऊन ठेवली. @बारुदखाना, मग ही बंदूक छर्ऱ्याच्या काडतुसालाही चालणार नाही का?

बारुदखाना
बंदूक न पाहता हो म्हणणार नाही. चांगल्या गनस्मिथकडून चेंबरची लांबी, नळीची जाडी आणि आतला गंज मोजून घ्या, तोही लायसन्सवालाच हवा. माझं विचाराल तर तिला भिंतीवरच राहू द्या, परवाना आणि कुलपासकट. बार काढायची हौस रायफल क्लबच्या बंदुकीवर भागवा.

काटोलवाला
ठीक आहे भाऊ, तसंच करतो. ना-हरकतीवर आता फक्त पुण्याच्या आत्याची सही बाकी आहे, ती फोनवर म्हणते, कायले पाहिजे रे तुले ते लोढणं.