वृद्ध कैद्यांना उरलेली शिक्षा घरी भोगू द्यावी का?

बावडेकर वकील

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सत्तरी ओलांडलेला, जन्मठेपेतली सक्तीची चौदा वर्षं भोगून झालेला आणि दुसऱ्याच्या आधाराशिवाय संडासापर्यंतही जाऊ न शकणारा माणूस कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये ठेवून कुणालाच काही मिळत नाही. त्याला माफी द्या असं मी म्हणत नाही. शिक्षा तशीच राहू दे. पण उरलेली शिक्षा त्याला घरात, उंबऱ्याबाहेर न पडण्याच्या अटीवर भोगू द्या.

आपल्या कायद्यात आज ही मधली वाट नाही. शिक्षा लागलेल्याला एक तर जेल, नाही तर मोजक्या दिवसांची संचित रजा किंवा पॅरोल, नाही तर एकदम मुदतपूर्व सुटका. घरकैद आपल्याकडे आली ती कोर्टाच्या निकालांतून आणि तीसुद्धा कच्च्या, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्या कैद्यांसाठी. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांच्या अर्जावर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वय, प्रकृती, गुन्ह्याचं स्वरूप आणि आधीची वागणूक बघून योग्य प्रकरणात घरकैद देता येईल. शिक्षा झालेल्यांचं काय, याचा विचार मात्र त्याच निकालात कायदेमंडळावर सोडला. तो कायदा अजून झालेला नाही.

बाहेर हे झालंय. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने प्रयोग सुरू झाला तेव्हा वयाची अट ६५ होती. डिसेंबर २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप’ कायद्याने ती ६० वर आणली: केंद्रीय तुरुंगातला कैदी, हिंसक गुन्हा नको, शिक्षेचा दोन तृतीयांश भाग भोगलेला हवा, मग उरलेला काळ घरी स्थानबद्ध. त्या प्रयोगाची मुदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली. इटलीत तर काही गंभीर गुन्हे वगळून सत्तरीपुढच्या कैद्याला घरी शिक्षा भोगण्याची सोय कायद्यातच आहे.

या वयाचा कैदी दवाखान्यात न्यायचा तर पोलीस बंदोबस्त लागतो. बंदोबस्त मिळेपर्यंत तपासणीची तारीख निघून जाते. हे मी पक्षकारांच्या बाबतीत वारंवार पाहिलंय. विरोधातली मतं जरूर मांडा, मला ती ऐकायची आहेत.

दूधगंगाकाठ

वकीलसाहेब, तुमचा सगळा मजकूर दोनदा वाचला. मेलेल्या माणसाबद्दल त्यात एक शब्द नाही.

आमच्या चुलत्यांना बांधावरून मारलं. मारणारा परका नव्हता, भावकीतलाच. त्याच्या आणि आमच्या घरामध्ये एक बोळ आहे, बैलगाडी जाणार नाही एवढा. काकू सकाळी परड्यात जनावरांना वैरण टाकायला जाते तिथून त्याचा सोपा, म्हणजे ओसरी, दिसतो. तुम्ही त्याला घरात ठेवणार म्हणजे त्या सोप्यात कॉटवर ठेवणार. तो तिथं बसून चहा पिणार, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवणार आणि काकूनं ते रोज बघायचं. माझ्या चुलत्यांनी नातवंडाचं तोंडसुद्धा बघितलं नाही.

तो रजेवर आला होता तेव्हा आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. काकूला तो दिसला तेव्हाच कळलं. गल्लीतली माणसं त्याला भेटायला जात होती आणि आमच्या दारावरून जाताना मान खाली घालत होती. ते दिवस काकूनं परड्यात पाऊल टाकलं नाही, वैरण मी टाकली. रजा संपली, तो परत गेला. तुम्ही म्हणता तसं झालं तर तो परत जाणारच नाही.

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला घरकैद म्हणजे बंद दार. आमच्या गावात दार दिवसभर उघडं असतं. तो उंबऱ्याच्या आत राहिला काय अन् बाहेर आला काय, आम्हाला तो समोरच आहे.

शाहूपुरीकर

दूधगंगाकाठ यांना पूर्ण पाठिंबा. आणि वकीलसाहेब, एकदा सवलतीचं दार उघडलं की त्यातून आधी कोण आत शिरतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. १४ वर्षं भोगलेल्या, ६५ वर्षांवरच्या अशक्त कैद्यांच्या सुटकेबद्दल राज्याचं २००६ चं धोरण आहे. त्याचा आधार घेऊन हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात कोण गेलं? अरुण गवळी. एप्रिल २०२४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. राधानगरीच्या डोंगरातला, वकील परवडत नसलेला म्हातारा त्या धोरणावर नागपूर गाठणार होता का?

गुजरातमधल्या बिल्किस बानो बलात्कार आणि खून प्रकरणात ११ दोषींना १५ ऑगस्ट २०२२ ला सोडलं आणि हार घालून त्यांचं स्वागत झालं. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली तेव्हा ते परत आत गेले. सरकारच्या हातात सवलत दिली की काय होतं याचा हा ताजा दाखला.

आणि आपल्या कोल्हापूरचंच बोलायचं तर गावित बहिणी. लहान लहान मुलं पळवून त्यांचे खून. २००१ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि १८ जानेवारी २०२२ ला हायकोर्टाने दया अर्जावरच्या दिरंगाईपोटी तिची जन्मठेप केली. उद्या त्याही सत्तरीच्या होतील. तेव्हा त्यांना कुठल्या घरी पाठवायचं ते आत्ताच सांगा. ज्यांची मुलं गेली त्यांचा जन्म कुठल्या कलमात बसवणार?

माजी रक्षक

मी कारागृह खात्यात नोकरी केली. कुठल्या जेलात ते सांगत नाही.

गावित बहिणींचं नाव घेतलं की सगळी चर्चा तिथंच संपते, म्हणून मी बराकीतलं सांगतो. संध्याकाळी बंदी झाली की बराकीला कुलूप लागतं ते सकाळपर्यंत. म्हाताऱ्याला रात्रीत चार वेळा उठावं लागतं. शेजारची पोरं धरून नेतात. सगळीच नेतात असं नाही, पण नेतात. अंथरुणात झालं तर तीच पोरं धुतात. त्यातला एखादा स्वतः खुनाच्या केसमधला असतो. ही सेवा सरकारच्या कुठल्या कागदावर नाही. ती पोरं सुटून गेली, की म्हातारा आमच्या अंगावर. आम्ही पहारा करायला भरती झालेली माणसं. रुग्णसेवा आम्हाला कुणी शिकवली नव्हती.

शुगरवाल्याला वेळेवर खायला लागतं, जेलची जेवणं जेलच्या वेळेला. ज्याला ऐकू येत नाही तो नाव पुकारलं तरी उठत नाही, नवा पोरगा ड्युटीवर असला की त्याला वाटतं मुद्दाम करतोय. ज्याला भ्रम होतो तो, आपण कुठं आहोत, हेच विसरतो. मला एकानं रोज विचारायचं, साहेब माझी गाडी किती वाजता? आपण खून केलाय हे त्याला आठवतच नव्हतं. त्याला आत ठेवून शिक्षा कुणाला होत होती ते मला आजही कळलेलं नाही.

दूधगंगाकाठ, तुमच्या काकूंचं दुःख मला समजतं. पण तुम्ही सांगताय तो चालता-बोलता माणूस आहे, चहा पिणारा, नातवंडं खेळवणारा. वकीलसाहेब ज्याच्याबद्दल लिहितायत तो चमचा धरू शकत नाही.

राजारामपुरी

एक मुद्दा आकड्यांचा. घरकैदेच्या बाजूने लोक नेहमी गर्दीचं कारण देतात. वकीलसाहेबांनी दिलं नाही हे बरं केलं, कारण ते टिकत नाही. ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली जवळपास ७६ टक्के कच्ची कैदी होती. गर्दी त्यांची आहे. वृद्ध कैदी नेमके किती हे तर सरकारी अहवालातून कळतच नाही, कारण त्यात शेवटचा वयोगट ‘५० आणि त्यापुढे’ असा एकच आहे. ५२ वर्षांचा धडधाकट आणि ८२ वर्षांचा अंथरुणाला खिळलेला एकाच रकान्यात. आधी मोजा तरी. मोजल्याशिवाय कायदा कुणासाठी करणार?

दुसरं, स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाच्या खास माफीत ६० वर्षांवरचे पुरुष आणि ५० वर्षांवरच्या बायका होत्या, निम्मी शिक्षा भोगलेल्या. पण जन्मठेपवाले त्यातून वगळले होते. म्हणजे तुरुंगात खरोखर म्हातारे होतात ते नेमके या माफीबाहेर राहिले.

गडहिंग्लजच्या सिस्टर

इतका वेळ सगळे पुरुष बोलतायत म्हणून मी लिहिते. घरी पाठवा, घरी पाठवा. घरी करणार कोण?

मी घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांचं बघते. कुशी बदलणं, जखमा धुणं, नळी बदलणं. एका माणसामागे दिवसातून किती वेळा वाकावं लागतं ते करणाऱ्या बाईला विचारा. जेलमधून सुटून येणाऱ्या म्हाताऱ्याचं हे सगळं सुनेवर पडणार. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरा आत होता. तिनं त्याला कधी पाहिलेलंही नाही. त्याच्यामुळं तिच्या नवऱ्याला कामावर कुणी ठेवेना, नणंदेचं लग्न अडलं. आणि आता त्याचं मूत काढायचं तिनंच. माजी रक्षक म्हणाले की त्यांना रुग्णसेवा शिकवली नव्हती. दादा, तिलाही कुणी शिकवलेली नाही. तुम्हाला पगार तरी होता.

आणि बायकोला जाळून आत गेलेल्याचं काय? त्याची मुलं आजोळी वाढली. आता ती मोठी झाली, त्यांच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी करून सांगणार का, की घ्या, तुमच्या आईला मारणारा, आता याला भरवा? तिथं तर काकूंचं आणि सुनेचं दुःख एकाच मुलीच्या वाट्याला येतंय.

मी घरकैदेच्या विरोधात नाही. अंथरुणाला खिळलेल्याला कुलूप लावणं मलाही पटत नाही. पण माझ्या मते त्याला घर नको, सरकारी खर्चाने चालणारी शुश्रूषेची जागा पाहिजे.

शाहूपुरीकर

सरकारी खर्चाने? नवलखांच्या घरकैदेतल्या पहाऱ्यापोटी तपास यंत्रणेने त्यांच्याकडेच १ कोटी ६४ लाख रुपये मागितले होते. घरकैद ज्याला परवडेल त्याची.

बावडेकर वकील

नवलखांचा पहारा म्हणजे दारात चोवीस तास पोलीस. चमचा धरू न शकणाऱ्या माणसाला तो कशाला हवा? पायात जीपीएसचं कडं घालून जामिनावर सोडण्याची सुरुवात जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ मध्ये केली आहे. माझ्या मते या वयाच्या आजाऱ्याला कड्याचीही गरज नाही. पोलीस ठाण्याच्या हवालदाराने ठरावीक दिवशी येऊन जावं, एवढं पुरे. आणि गवळींचं उदाहरण सुटकेचं आहे. मी मागतोय ती शिक्षाच आहे, फक्त दुसऱ्या जागी. मोडली तर परत आत.

सिस्टर, तुमचं बरोबर आहे आणि मी त्याला धरूनच पुढचं मांडतो. घरच्यांची, खास करून जी व्यक्ती प्रत्यक्ष सेवा करणार तिची, लेखी संमती घ्यावी. ती नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर न घेता एकटीला विचारून घ्यावी. संमती नसेल त्यांच्यासाठी जागा हवी. आपल्या शेजारी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाने १९३९ मध्ये उभारलेली कैद्यांची खुली वसाहत. जन्मठेपेचे कैदी कुटुंबासह तिथं शेती करून राहिले. भिंतीशिवाय शिक्षा भोगता येते हे आपल्याच भागाने देशाला दाखवलं. मात्र ती कष्ट करू शकणाऱ्यांसाठी आहे, म्हाताऱ्याला तिथं कोण घेणार? तशीच एक वसाहत परिचारिका आणि डॉक्टरांसह का नको?

दूधगंगाकाठ, ज्याच्या घरून मयताचं घर दिसतं त्याला त्या घरी पाठवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या गावी लेकीकडे, भावाकडे, नाही तर त्या वसाहतीत. आणि तुमच्या बाजूचं ऐकल्याशिवाय आदेश निघू नये. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. हरकत घ्यायला आता काकूंना मुंबईची एसटी धरायची गरज नाही.

माजी रक्षक

हरकतीचं एक सांगतो. रजेच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवतात. तो कसा भरला जातो ते गावोगावच्या पोलीस पाटलांना ठाऊक आहे. ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ एवढं लिहिलं की संपलं. कुणाची शांतता, हे कुणी विचारत नाही. काकूंना समोर बसवून विचारलं पाहिजे, कागदावर सही आणून नाही चालायचं.

दूधगंगाकाठ

हे सगळं काल रात्री काकूला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, तो खरंच उठत नाही का आता? मी म्हटलं, आपल्याला ठाऊक नाही, ह्यो सगळा दुसऱ्या म्हाताऱ्यांचा विषय चाललाय. तर म्हणाली, उठत नसंल तर त्याला तिथं कुजवून मला काय मिळणार? पण मला आधी सांगा म्हणावं. मी लेकीकडं कोल्हापुरात जाऊन राहीन.

माझा विरोध अजूनही आहे. ती काय म्हणाली ते लपवू नये म्हणून लिहिलं.

गडहिंग्लजच्या सिस्टर

म्हणजे घर तिनं सोडायचं? मारला तिचा नवरा, आणि परडं, जनावरं, चूल सोडून लेकीच्या दारात जायचं तिनंच? वकीलसाहेब, तुम्ही मसुदा करायला बसाल तेव्हा याचं उत्तर पहिल्या कलमात लिहा. बाकीचं मग वाचू.